सव्वीस मिलिमीटर

इन्क्युबेटरचं दार उघडलं की आधी तो वास येतो,
शिळ्या पेजेसारखा,
ज्याची मला सवय झाली आहे आणि नवऱ्याला नाही.
बाहेर कंपूच्या चौकात टेम्पोवाले भांडतायत.
मी थाळी उजेडात धरते.

चौदा नंबरच्या खाटेवरची गोमती नरवरिया,
दौलतगंजात बांगड्या विकते.
ताप उतरत नाही, मूत्रपिंडात पू.
तिचे जंतू रात्रभरात पसरलेत
दुधावरच्या सायीसारखे, बिनघोर,
आणि जेन्टामायसिनच्या चकतीशी
मांडीला मांडी लावून बसलेत.
पहिल्या थाळीत हेच तिच्यापासून
हातभर लांब होते.
दहा दिवसांची इंजेक्शनं, एवढ्यात निर्ढावले.

पण कडेच्या चकतीभोवती
(टेट्रासायक्लिन, जुनं औषध,
हल्ली कुणी नावही काढत नाही)
स्वच्छ, मोकळा गोल.
पट्टी लावते. सव्वीस.
पहिल्या थाळीत इथे बारा होते.
पुन्हा लावते.
फिरोजला म्हणते, तू मोज, माझे डोळे नकोत.
तो मोजतो. मॅडम, छब्बीस.

किल्ल्याची उपमा मी देणार नाही.
ग्वाल्हेरात खिडकी उघडली की किल्ला असतोच,
सगळ्याला पुरतो, म्हणून कशालाच पुरत नाही.
मला आठवतात आमच्या गल्लीतले भदौरिया.
तळघरात त्यांचं साड्यांचं गोदाम.
शेजारच्या दुकानात ठिणगी पडली
त्या दिवसापासून रात्री मेन स्विच पाडूनच झोपायचे.
वीज नाही तर आग नाही, हिशेब चोख.
फक्त तळघरात झिरपणारं नाल्याचं पाणी
बाहेर फेकणारी मोटार
त्याच विजेवर चालायची.
तिसऱ्या रात्रीपर्यंत चंदेरीचे गठ्ठे
लगद्यासारखे झाले.
भदौरिया अजून सांगतात,
आग मात्र लागली नाही हं.

जंतूच्या पापुद्र्यावरही अशीच थोडी वीज असते.
जेन्टामायसिन तिच्याच ओढीने आत शिरतं.
म्हणून वीज मंद झाली,
औषध उंबऱ्यावरच ताटकळलं.
आणि घरात शिरलेलं विष
उपसून बाहेर टाकणारा पंप
आता नुसता घरघरतो.

मंद केली, असं म्हणवत नाही.
कुणी काही ठरवलं नव्हतं.
कोट्यवधी मेले,
ज्याची वीज मुळातच अधू होती तो उरला
आणि त्या अधूपणाचीच पोरं झाली,
सकाळपर्यंत थाळीभर.

डॉक्टर काशीकरांना फोन केला.
म्हणाले, थाळीतलं पोटात उतरेलच असं नाही.
म्हणाले, दरवेळी असं होतही नाही,
मागच्या वर्षी अशाच एका केसला काहीच लागू पडलं नव्हतं.
मग थोडं थांबून,
रिपोर्ट लगेच पाठवा.
खिडकी उघडी आहे तेवढ्यात.
कुठल्यातरी एकाची वीज परत आली
की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

टेट्रासायक्लिनपुढे मी लिहिते: संवेदनशील.
आमच्या खात्यात याचा अर्थ, मरू शकतो.
माझी आई हाच शब्द माझ्यासाठी वापरायची,
पाहुण्यांसमोर, हळू आवाजात,
जणू त्यात काही इलाज नाही.

कागद घेऊन मीच वॉर्डात जाते,
खरं म्हणजे ते माझं काम नाही.
गोमती झोपलेली.
सलाईनसाठी काढलेल्या बांगड्या
उशाशी, रुमालात गाठ मारून.
माल आहे, कुणी न्यायला नको.

परत येते तर थाळी अजून टेबलावरच,
ऑटोक्लेव्हच्या डब्यात टाकायची राहिलेली.
फिरोज चहा ठेवतो तिच्यापासून जरा लांब,
आणि विचारतो,
त्या भदौरियांनी मग
मेन स्विच पुन्हा चालू ठेवायला सुरुवात केली का?

मला माहीत नाही.
आज घरी जाताना बघेन.